कॉलेजातली पेशंट

हॅलो?… हॅलो, कोण?… तनू? अगं आज बुधवार ना, तू तर रविवारी करतेस फोन… जरा मोठ्यानं बोल, कढईत भाजी आहे, काही ऐकू येत नाहीये… थांब, गॅस बंद करते… हं. बोल आता.

रडतेस का तू?… मग नाक असं का वाजतंय?… अपूर्वराव बरे आहेत ना?… मग झालं काय?

येतेस?… इकडे? ग्वाल्हेरला?… कधी?… उद्या निघतेस? खरंच म्हणतेस?

हो, हो… अगं ऐक ना, मला आधी बसू दे स्टुलावर… हं, सांग. उद्या संध्याकाळचं विमान, दिल्लीहून रात्रीची गाडी. म्हणजे परवा पहाटे इथे… आणि राहणार किती?… रविवारपर्यंत? ऑफिसनं दिली एवढी सुट्टी?

मग वरची खोली उघडते मी. गाद्यांना ऊन दाखवायला हवं, कधीपासून गुंडाळून पडल्यात. उद्या सकाळी मला जरा बाहेर जायचंय, आले की टाकते गच्चीवर. परवा सकाळी दौलतगंजातून बेडई मागवू, डाळीच्या पुऱ्या गरमगरम. तुला ती बटाट्याची पातळ भाजी लागते बरोबर, तिखट. तिथे पुण्यात काय, बेडई म्हटलं तर कोणाला कळत पण नसेल… आणि भरली वांगी एक दिवस. आणि…

का?… काही करू नको का?… उठू नको? मी उठलेलीच आहे. पोळ्या करायला घेतल्यात… कोणाकडे देऊ फोन? घरात कोण आहे दुसरं?… हो, एकटीच. रोज एकटीच असते, आज काय नवीन.

कोणाला भर्ती केलंय?

… मला?

तुला कोण म्हणालं?… फोटो? कसला फोटो?… हं. पलंगावर… डोळे मिटलेले… हं… दंडाला पट्टा, आणि एक मुलगी चमच्यानं भरवतेय… हं.

नाही नाही, आहे मी. ऐकतेय.

आता?… आता बरं आहे. अगदी बरं आहे… बीपी? बघितलं ना. आज दुपारीच सहा जणींनी बघितलं… हो, सहा. एकीमागून एक… नाही, जास्त नाही आलं. एकीला आलं, पण तिनं पट्टा उलटा बांधला होता… ताप बघितला, नाडी बघितली… हो, दुपारभर पलंगावरच होते. त्यांनीच कुशीवर वळवलं, हातपाय पुसून दिले, वरणाचं पाणी भरवलं… नाही गं, चांगलं गिळलं मी. थोडं हनुवटीवर सांडलं, ते टिपलं लगेच.

घरी ना? माझी मी आले, ई-रिक्शानं… सोडलं म्हणजे, पाच वाजता सुटतंच ते.

तनू… अगं… ऐक ना… तुझी काय चूक त्यात?… कोण म्हणतं तू माझ्याकडे बघत नाहीस?… असं नको बोलूस गं. कोणीसुद्धा असं म्हणत नाही… अगं हो, पण… तनू, इतकी रडू नको. पाणी पी आधी… प्यायलीस?… आता मला बोलू दे.

मी आजारी नाही.

… लपवत नाहीये. बाबांची शपथ. मला काहीसुद्धा झालेलं नाही, साधी शिंकसुद्धा नाही… फोटो माझाच आहे. पलंग पण खरा आहे. पण ते हॉस्पिटल नाही गं, कॉलेज आहे.

कॉलेज… तिकडे हजीरा भागातलं. सरकारी आहे, कम्युनिटी कॉलेज म्हणतात. तू लग्न होऊन गेलीस त्यानंतर निघालं… शिकवायला नाही जात. मी काय शिकवणार?… शिकायला पण नाही… पेशंट म्हणून जाते.

हो. कॉलेजात पेशंट म्हणून.

आता ओरडू नको… मग ऐकून घे ना पूर्ण. मध्ये बोललीस की माझं राहून जातं… हं.

होळी झाली तेव्हाची गोष्ट. कूलरची मोटर जळली. दुकानवाला म्हणाला, माताजी, नवीन घ्या. तर कोणीतरी सांगितलं की हजीऱ्याच्या कॉलेजात पोरं शिकतात दुरुस्तीचं काम, मोहल्ल्यातल्या लोकांचे कूलर, पंखे, मिक्सर तिथेच नीट करून देतात, तेवढाच त्यांचा हात बसतो. म्हणून मोटर पिशवीत घालून गेले… हो, मीच गेले, टेम्पोनं. कोण आणून देणार होतं?

बरं, पोरं मोटर उघडून बसली आणि मी बाहेर बाकावर. शेजारच्या खोलीत रुग्णसेवेचा वर्ग. म्हणजे आजारी माणसाला घरी कसं सांभाळायचं, उचलायचं कसं, भरवायचं कसं, ते सगळं. तिथे शिकायला एक प्लास्टिकची बाई आहे, पुतळी. त्या दिवशी तिची मान निघाली. अगं, कूस बदलताना मुंडकंच हातात आलं. पोरी हसून हसून खाली बसल्या. त्यांच्या मॅडम बाहेर आल्या, मला बघितलं आणि हात जोडून म्हणाल्या, "आंटीजी, दस मिनट लेट जाएंगी क्या?"

लेटले. काय करणार, मोटर अजून उघडीच होती… दहा मिनिटं कुठली, वर्ग सुटेपर्यंत पडून होते.

मग मंगळवार, गुरुवार जायला लागले. नंतर तर रोजच… नाही, पैसे नाही देत. चहा देतात. आणि समोसा, कोणाचा वाढदिवस असला तर.

माहीत आहे मला तुला कसं वाटतंय… हो, अनोळखी पोरी… हो, हातपाय पुसतात. अंगावर चादर असते, वर्गात सगळ्या बायकाच… तनू, यात लाज कसली? तुझ्या आजीला शेवटी शेवटी मीच पुसत होते की नाही? तेव्हा कोणाला लाज वाटली नाही… लोकांना सांगायचं कशाला? म्हणून तर कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही सांगितलं… भीती म्हणून नाही. तू नको म्हणशील म्हणून.

तर आज तो फोटो. कॉलेजनंच काढला होता. नवीन प्रवेश सुरू होतायत, तर आपल्या फेसबुकच्या पानावर टाकतात वर्गावर्गाचे फोटो. खाली लिहिलं पण होतं बिचाऱ्यांनी, सराव म्हणून. तो मिळाला आपल्या जयसिंहरावांना. आता जयसिंहराव काय, आपल्या समाजाची सकाळ-संध्याकाळ खबर द्यायची जबाबदारी त्यांच्याकडेच. खालची ओळ कापली आणि फोटो टाकला समाजाच्या ग्रुपवर, हात जोडून. माधवरावांच्या पत्नी शरयूताई अत्यवस्थ, सर्वांनी प्रार्थना करावी… हो ना, तेच आलं ना तुझ्याकडे?… तुझ्या वर्गातल्या सीमंतिनीनं पाठवलं? ती तरी एक फोन करायची मला. पण नाही, मला कोणी विचारलं नाही. अत्यवस्थ बाईला काय विचारणार.

आता पुढचं ऐक. रागावणार नाहीस ना?… नाही, आधी सांग.

साडेपाचला घरी येते तो दारात जयसिंहराव. हातात दोन शहाळी. मला पायी गल्लीतून येताना बघून ते असे गडबडले… भूत बघितल्यासारखे. म्हणाले, वहिनी, तुम्ही चालताय? आता मी काय सांगायला हवं होतं? की भाऊसाहेब, तुमचा घोटाळा झालाय. पण बाबा गेल्यापासून तो माणूस पहिल्यांदा आपला जिना चढत होता, तनू. धापा टाकत. शहाळी सांभाळत.

मी म्हटलं, आता बरं आहे.

… हस. हस तू. अजून पुढे आहे.

ते बसले तोवर बाबांचे दोस्त महिपतराव आले, बरोबर त्यांची सून. डब्यात मऊ भात, मेतकूट, तूप वेगळं वाटीत. सून म्हणाली, काकू, तुम्ही आडव्या व्हा, आम्ही बसतो. तर झाले आडवी… दिवाणावर. तिनं शाल घातली अंगावर… हो गं, या उकाड्यात. आणि पंखा बंद केला, मला वारा लागू नये म्हणून. घामानं भिजले नुसती. उठता येईना, बोलता येईना.

पण खरं सांगू? छान वाटलं. बोलत बसले तिघं. महिपतरावांनी बाबांच्या आठवणी काढल्या, ते किल्ल्यावर पायी चढायचे त्या. मला माहीत नसलेल्या पण दोन निघाल्या. सूनबाईनं देवापाशी दिवा लावला, भांडी विसळून ठेवली. घरात आवाज होता तासभर. गणपतीत सगळे भेटले होते मला मंडपात, हेच सगळे. आरती झाली, प्रसाद झाला, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, कशा आहात.

… हो, सांगणार आहे. उद्या सांगेन त्यांना खरं काय ते. डबा परत द्यायचाच आहे.

तुला?… हो. तुलापण मघाशी लगेच नाही सांगितलं. कळत होतं मला. तू येते म्हणालीस ना, मग ते तोंडातून निघेचना. वाटलं, एक मिनिट राहू दे असंच. मग तू रडायला लागलीस.

… नको, माफी कशाला मागतेस तू.

का जाते?… असंच गं. वेळ जातो… नाही, तेवढंच नाही.

सांगू? मग ऐकून सोडून दे, मनाला लावून घेऊ नको.

एक गरिमा म्हणून मुलगी आहे त्या वर्गात. हजीऱ्याचीच. शेलार. आडनाव मराठी, पण भाषा येत नाही, आजोबांपर्यंत बोलत होते म्हणे घरात. मला विचारून विचारून तिनं चार शब्द उचललेत. "दुखतंय का" असं म्हणते, इतकं गोड. तर पहिल्या आठवड्यात पेशंटचे केस विंचरणं होतं. तिनं माझा अंबाडा सोडला, मांडीवर टॉवेल घेतला, आणि हळूहळू, खालून वरपर्यंत गुंता काढत गेली. मी डोळे मिटून पडले होते, पेशंटनं पडायचंच असतं. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती घाबरली, तिला वाटलं केस ओढले. "दादी, दुखतंय का?"

मी म्हटलं, नाही. कर तू.

… तनू, मला कोणी हात लावत नाही गं. म्हणजे… तुला कसं सांगू. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. भाजीवाला पिशवीत टाकतो. फोनवर तू असतेस. पण माणसाचा हात म्हणून अंगाला लागत नाही कोणाचा. बाबा होते तेव्हा लक्षात नाही आलं कधी, ते काय फार प्रेमाचे होते असं नाही, पण चष्मा दे म्हणून खांद्याला हलवायचे. तेवढं पण जातं, हे कोणी सांगत नाही आधी.

म्हणून जाते. बीपीचा पट्टा आवळतात ना, तेव्हासुद्धा मला बरं वाटतं. आता हस.

… नाही हसत? बरं.

पुण्याला? आले होते ना मी… तुमच्याकडे काही कमी नव्हतं. तुम्ही दोघं सकाळी जात होता, मी अकराव्या मजल्यावरून लिफ्ट वर-खाली जाताना ऐकत होते. इथे निदान आपल्या दाना ओलीच्या गल्लीत माझं नाव माहीत आहे लोकांना. अत्यवस्थ झाले तर प्रार्थना तरी करतात.

नाही गं, टोमणा नाही. गंमत केली.

तुला एक सांगू, ते कॉलेज आपल्यासाठीच काढलंय. आपल्यासारख्यांसाठी. मॅडम पहिल्याच दिवशी सांगतात पोरींना… मुरार, डबरा, मुरैना, कुठून कुठून येतात त्या. म्हणतात, दिल्ली-नोएडाला जायचं कारण नाही, काम इथेच आहे. या लश्कर भागात घरोघरी म्हातारी माणसं आहेत, मुलं बाहेर. त्यांना बघायला माणूस लागणार. मी पलंगावर पडून ऐकत होते. पोरी माझ्याकडे बघत होत्या. मॅडम मग ओशाळल्या, म्हणाल्या, आंटीजींच्या घरचं नाही म्हणत मी. मी म्हटलं, माझ्याच घरचं आहे, शिकवा तुम्ही.

… तुला नाही म्हटलं. तू कुठे, मी कुठे, नोकऱ्या आहेत तिथे आहेत. अंबरीश तर समुद्रापलीकडे, त्याच्याकडे आत्ता सकाळ की रात्र हेसुद्धा मला मोजावं लागतं. मी तुम्हा दोघा भावंडांना शिकवलं ते बाहेर जावं म्हणूनच ना. त्याचा राग कसा करू?

हो, उद्या सकाळी तेच. परीक्षा आहे त्यांची, प्रात्यक्षिक. बाहेरून परीक्षक येणार. गरिमाच्या वाट्याला मीच आलेय, अर्धांगाची पेशंट. एक बाजू अजिबात हलवायची नाही. ती मला पलंगावरून खुर्चीत बसवणार. मी सराव करतेय, डावा हात तसाच सोडून द्यायचा. फार अवघड आहे गं, हात आपोआप मदतीला जातो. गेल्या खेपेला तिनं उचललं आणि मी सवयीनं पदर सावरला, ते पण लुळ्या हातानं. मॅडम म्हणाल्या, आंटीजी, आपको लकवा है.

… हसलीस. बरं वाटलं.

मग पुढे काय, काही नाही. उद्या संपलं. पोरी जातील कामाला, दोघी-तिघींना तर आपल्याच भागातल्या घरांतून बोलावणं आहे… नवीन वर्ग येईल ना दसऱ्यानंतर. पण माझी गरज नाही आता. नवीन पुतळी आली भोपाळहून. काल उघडली पेटी. अगं, ही निराळीच आहे. नाडी लागते तिला. छाती वर-खाली होते, बटण दाबलं की कण्हते पण. मान पक्की. पोरी तिच्याभोवती गोळा, आणि मी आपली कडेला खुर्चीत, चप्पल घालून. मॅडम म्हणाल्या, आंटीजी, बस परीक्षा तक, फिर आपको तकलीफ नहीं देंगे.

त्यांना वाटतं मला त्रास होत होता.

… मी काय बोलणार. चांगली आहे म्हटलं पुतळी. चांगलीच आहे. ती पदर सावरत नाही.

हो… नाही, विचारीन त्यांना, कधी आले तर चालेल का म्हणून. पण गरजेनं बोलावणं निराळं, आणि आपण होऊन जाऊन बसणं निराळं. दोन दिवस बसवून घेतील बिचाऱ्या.

हं?… तिकीट?… हो. हो, ते आहेच.

… कर ना कॅन्सल. बरोबर आहे तुझं. मी ठणठणीत आहे, तर कशाला उगाच धावपळ… हो, कळतंय. तुमच्याकडे हा महिना असाच असतो, दरवर्षीच असतो… रात्री बारापर्यंत केलं तर पैसे परत मिळतात? मग आत्ताच कर, विसरशील… दिवाळीला?… बघ कसं जमतं ते… गेल्या खेपेला पण… नाही, काही नाही. ये दिवाळीला.

हो, जेवते आता. भाजी झालेलीच आहे. मऊ भात पण आहे, डबाभर… हो. औषध घेते… तू पण जेवून घे… हं. ठेव मग.

… तनू. ठेवू नको. आहेस का?

एक सांगायचंय. मी आजारी नाही. तरी ये.

… हॅलो?… ऐकू आलं का?… आवाज तुटला? कुठपर्यंत ऐकलंस?… "सांगायचंय" पर्यंत.

… नाही, काही नाही असं नाही. काहीतरी आहे. थांब, खिडकीपाशी येते, इथे नीट येतो आवाज… आता येतोय?… मग परत सांगते. मी आजारी नाही, मला काही झालेलं नाही, आणि तरी तू परवा ये. तिकीट कॅन्सल करू नको.

… हो… हो, ऐकतेय… सुट्टी आई सीरियस आहे म्हणून मिळाली. हं… साहेबांनी लगेच दिली, कामं दुसऱ्याला देतो म्हणाले, काळजी करू नको म्हणाले. चांगले आहेत… आणि आता खरं सांगितलं तर सुट्टी जाणार… हं.

नाही. ते नको… मी सांगते ना, नको. आई आजारी आहे असंच राहू द्यायचं आणि यायचं, ते मला नको. आज तिघं येऊन गेले माझ्या आजारपणाला. फार चांगली माणसं आहेत. पण ती शालीत गुंडाळलेल्या बाईला भेटून गेली, मला नाही. पुन्हा यावीत असं वाटलं तर मला पुन्हा आजारी पडायला लागेल. तुझ्याशी मला तसं नको गं. तू साहेबांना खरं सांग. आई बरी आहे, घोटाळा झाला होता. पण मला तिला भेटायला जायचंय.

… का हसतील?… कारण चालत नाही. असं म्हणून सुट्टी कोणी मागत नाही. बरं… नाही, रागावले नाही. मला समजून घ्यायचंय. मग कोणतं चालतं?… आजारपण. हं. लग्न… बाळंतपण…

आणि घरातलं कोणी गेलं तर?

… सहज विचारतेय. देतात ना?… लगेच? कोणी काही विचारत नाही?… कामं दुसऱ्याला देतात. हो, देणारच, तसे भले आहेत ते… आई-वडील गेले तर जास्त देतात. बरं.

मग त्यातला एक दिवस आत्ता माग.

… अभद्र काय आहे त्यात? त्यांनी द्यायचाच आहे तो, कधी ना कधी… अगं ऐक ना. तेव्हा तू येशीलच, मला माहीत आहे. सगळं टाकून येशील, मिळेल त्या विमानानं. मला उचलशील, पुसशील, केससुद्धा विंचरशील. आणि मला कळणार नाही, तनू. मला त्यातलं काही कळणार नाही. आत्ता कळेल.

… हो… हो गं. रडू नको… मी पण नाही रडत, खिडकीपाशी उभी आहे, गल्लीतले लोक बघतील.

आत्ता उत्तर देऊ नको मला. सकाळी विचार त्यांना, असंच विचार, जसं मी म्हटलं तसं. मग काय म्हणाले ते कळव… दुपारी करशील, सकाळी माझा फोन बंद असेल, परीक्षेत पेशंटला फोन घेता येत नाही… हो. विचारशील ना?… बरं.

ठेवते मी.